झाकणाचा खिमा

निजामपुरा, बडोदे
६ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. मी वेळेवर जेवते, हे आधीच लिहून टाकते. कोयलीला जायला कंपनीची बस कोपऱ्यावर येते. बाबांचा खोकला थांबला का?

रविवारी निरुआत्याकडे गेले होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आपण कणकेचं झाकण लावून खिमा भाजतो, तो खरंच राजवाड्यातल्या इंग्रज आचाऱ्याकडून आला का, असं तिला विचारलं. बाबा तसंच सांगतात ना! आत्या पोट धरून हसली.

"कसला राजवाडा! आम्ही इथे भाड्याने राहायचो, चारी बाजूंना शाकाहारी शेजार. वास जाऊ नये म्हणून तुझ्या आजीने पातेल्याचं तोंड कणकेने बंद केलं. भाजलेली कणीक टाकवेना, म्हणून खाल्ली."

म्हणजे झाकण फोडण्याआधी आपण खिडक्या लावतो, तेही त्यासाठीच! साताऱ्यात कोणापासून लपवतोय गं आपण? मला तो सणाचा विधीच वाटायचा.

इथल्या घरमालकीणबाई प्रेमळ आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बेन, तमे वेज छो ने?" म्हणजे, मी शाकाहारीच ना? मी नुसती हसले.

यंदा करीला तुम्ही सगळ्या खिडक्या उघडून झाकण फोडा. माझ्या मी लावून घेईन.

तुझी,
मोहना