पायरीवरचे चरे

संग्रामपूर, शनिवार, दिवेलागण

पायरीवरचे ते चरे कशाचे, ते आज कळलं.

बाबांना मी घडीचा चाकू आणला, भारी स्टीलचा. संत्र्याची कलमं बांधून बांधूनही धार जात नाही म्हणे. खरंच गेली नाही. मी खूश! जुना चाकू आठवड्यात बोथट व्हायचा, मग बाबा बाजारात रहीमचाचांकडे धार लावायला जायचे. लहानपणापासूनची दोस्ती. सकाळी गेलेले दुपारी यायचे, चार चहा पिऊन. ते जाणं बंद पडलं, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

आज पाहिलं तर बाबा पायरीच्या दगडावर पातं उभं धरून घासत होते. मुद्दाम बोथट करत होते! इतका महागाचा चाकू... रागच आला आधी. मग त्यांचा चेहरा पाहिला, चोरी पकडल्यासारखा.

"धार गेली वाट्टे याची," म्हणाले.

मी पुन्हा त्या चऱ्यांकडे पाहिलं.

"हाव बाबा, पार गेली. उद्या बाजार हाय, चाचाले दाखवून या."

"भारी स्टील हाय बे. एका खेपेत लागन का धार?"

"नाही लागत. चार-पाच खेपा तरी कराच लागतीन."