बाराव्या पत्राची व्यवस्था

मी, परराष्ट्र कार्यालयातील निवृत्त जावक कारकून, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी, त्याच कार्यालयातील टंकलेखिका. ती सात महिन्यांपूर्वी वारली.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीला. जावयांनी जिन्याकडची खिडकी बुजवू नये. माझी पत्नी तिथे बसत असे.

२. शिडी धाकट्या भावाला. एकोणीस वर्षे ती त्याच्याकडेच आहे. आता निदान त्याची झाली.

३. दोन कागद अभिलेखागाराला. त्यांची हकीकत अशी. दूरच्या एका देशाने युद्धात परके बंदर जिंकले आणि तिथे आमचे जहाज अडकवून तेवीस खलाशी कोठडीत टाकले. आम्ही तटस्थ. नव्या राज्यपालांच्या नावे पत्र लिहावे तर त्यांचा कब्जा मान्य केल्यासारखे होई. जुन्यांच्या नावे लिहिले की पत्र न उघडता परत येई. अशी अकरा पत्रे परत आली.

पत्नी उपसचिवांना म्हणाली, "साहेब, बंदर कुणाचं ते राहू द्या. कोठडीची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला लिहा की."

"बाई, तुम्ही टाइप करा. मुत्सद्देगिरी आमच्यावर सोडा."

"बरं," म्हणाली, आणि बाराव्या पत्रावर तिने स्वतःच पत्ता घातला: 'आमचे खलाशी ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या अधिकाऱ्यांस'. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. पाकीट माझ्या टेबलावर आले. मी पत्ता वाचला, तिच्याकडे पाहिले.

"अहो, बघता काय? मारा मोहर!"

मी मारली. नोकरी दोघांचीही गेली असती.

तेवीसच्या तेवीस परत आले. पदक साहेबांना मिळाले. कचऱ्याच्या टोपलीतून तिने उचललेला त्यांच्या हस्ताक्षरातील मसुदा, जुन्या पत्त्यासह, आणि तिची कार्बन प्रत, असे हे दोन कागद आहेत. खलाशांबरोबर परत आलेले मूळ पत्र अभिलेखागारात साहेबांच्या नावाने मांडलेले होते; त्याखालची पाटी बदलून तिचे नाव लावावे, ही माझी अट होती. अभिलेखागाराने गेल्या महिन्यात ती लेखी मान्य केली. पाटी लागली आहे. मी स्वतः जाऊन तीनदा वाचली.

४. उपसचिव हयात आहेत. त्यांना काही नाही. पदक त्यांनी खुशाल ठेवावे.

५. त्या जहाजावरच्या आचाऱ्याला काही द्यायचे होते. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार, आणि वकील म्हणाले, साक्षीदाराला देता येत नाही. मी त्याला म्हटले, "मग सही दुसऱ्या कुणाची घेतो."

तो म्हणाला, "काका, सही माझीच. मला द्यायचं ते काकूंनी कधीच दिलंय."

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल. दिनांक: चौदा मार्च, मंगळवार.

लिहून देणार: जावक कारकून (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. आचारी, तेविसांपैकी एक (सही)