खालचा बर्थ

डेकोरा, आयोवा
८ मार्च १९९८

ती. वर्लाताईस, सा. न. वि. वि.

निवृत्त झालो, आता ट्रेलर घेतोय. मोटारीमागे घर ओढायचं तर तुला विचारल्याशिवाय कसं चालेल? तू आणि ऑरिनदाजी अर्धा देश फिरलात. दाजी गेल्यावर तू ट्रेलर विकलास आणि उंबऱ्याबाहेर पडायचं सोडलंस. कुठे ये म्हटलं की गुडघा पुढे करतेस. याची मला काळजी वाटते, पण ते असो.

दोन ट्रेलर आवडलेत. एकात मोठा पलंग, दोन्ही बाजूंनी उतरायला जागा. दुसऱ्यात पलंग भिंतीला चिकटून आडवा, पण मागे एकावर एक दोन बर्थ. ग्रेटाला पहिला हवा, मला दुसरा. आम्हा नवराबायकोचं सध्या घरात कुत्र्याशीच काय ते बोलणं होतं.

लोभ असावा, वर चार शिव्या असल्या तरी चालेल.
तुझा मर्ल


कर्नी, नेब्रास्का
१६ मार्च

चि. मर्ल यास, अ. उ. आ.

नुसते कागदावरचे आराखडे बघून भुलू नकोस. दुकानात जा, बूट काढून दोघं पलंगावर झोपा. संडासात दार लावून बस, गुडघे दाराला टेकतात का बघ. मुक्कामी जागा वाढवायला बाहेर सरकणारी भिंत आत घ्यायला लाव आणि मग फ्रिज उघडतो का बघ. आम्ही ते पाहिलं नव्हतं. ऑरिनला वाटेत सँडविच हवं झालं की रस्त्याकडेला भिंत बाहेर काढायची, मागून ट्रकवाले कोकलायचे. मी चिडायचे, तो हसत खायचा. त्याची फार आठवण येते रे.

आणि बर्थ कशाला? तुझी नातवंडं आता स्वतः मोटारी चालवतात. आडव्या पलंगावरून रात्री उठायचं म्हणजे ग्रेटाला ओलांडायचं. तुला किती वेळा उठावं लागतं ते ती मला सांगते. हट्ट सोड.

माया आहेच, अक्कल तुझी तू आण.
वर्ला


डेकोरा
२९ मार्च

ती. ताईस, सा. न.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. दुकानदाराला नवल वाटलं नाही, शेजारच्या ट्रेलरमध्येही एक म्हातारं जोडपं बूट काढून पडलं होतं. आडव्या पलंगावर ग्रेटाला ओलांडताना तिच्या पोटात गुडघा बसला. तिने माझ्या सात पिढ्या काढल्या.

तरी घेतला तोच. खालच्या बर्थवर मी आडवा होऊन पाहिलं. माझे पाय मावले, म्हणजे तुझे मावतीलच. उशीपाशी खिडकी आहे. शिडी चढायची नाही, तेव्हा गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. भिंत आत असताना फ्रिजही उघडतो. ग्रेटाला खरं कारण सांगितलं तेव्हा सहीसाठी तिनेच पर्समधून पेन काढून दिलं.

जूनमध्ये तुझ्या दारात उभे राहू. नाही म्हणालीस तरी त्या बर्थवर सामान ठेवणार नाही.

वाट बघणारा,
मर्ल


कर्नी
५ एप्रिल

चि. मर्ल यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रडले, मग रागावले, मग पुन्हा वाचलं. मला भीती वाटते. ऑरिनचं घोरणं ऐकल्याशिवाय मी ट्रेलरमध्ये कधी झोपलेच नाही. ग्रेटाला फोन केला. ती म्हणाली, तूही घोरतोस, अगदी भिंती हलवतोस. जरा बरं वाटलं.

ग्रेटाला भिंतीकडे झोपव, तू कडेला झोप, म्हणजे पोटं वाचतील. बर्थबरोबर येणारी गादी म्हणजे नुसता पापड असतो, ती काढून टाक. मी माझी आणते. लांबी-रुंदी मोजून कळव.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवू नकोस. आत जागा कमी आहे.
तुझी ताई