घरी चालते, दुकानात बिघडते

॥ जय सेवालाल ॥
हैदराबाद, २८ ऑगस्ट २०२४

चि. रेणूस बादलभियाचे अ. उ. आ. आपल्या याडीमायच्या पायावर माह्या वतीनं डोकं ठेवजो.

मी मजेत हाये. हे काम या वर्षाचं तिसरं. जुने मोबाईल खोलून कामाचं सामान वेगळं काढा लागते. आता तू विचारशीन, इथं किती दिवस टिकतं म्हणून. नको विचारू.

अमरसिंगकाका इथं तूर खाली करून ट्रक वापस नेऊन राह्यले, त्यायच्या हाती ही चिठ्ठी अन् एक अडॅप्टर पाठवतो. फोनवर सांगून फायदा नाही. तांड्यावर टाकीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही, अन् तू वरून हो हो म्हणते ते खाली उतरेपर्यंत विसरते. मागच्या पानावर तारांचं चित्र काढलं हाये, ते पाह्य.

सागाच्या फळीवर दाराच्या बेलची बटणं बसवून तू जो गेमचा रिमोट केला, त्याचा फोटो म्या इथं सगळ्यायले दाखवला. आमच्या पोट्टीनं केला हे कोणी मानतच नाही. आता ध्यान देऊन वाच. रिमोटच्या तारेचा प्लग अडॅप्टरच्या तोंडात, अन् अडॅप्टरचं यूएसबीचं शेपूट मोबाईलले नाहीतर कम्प्युटरले. काळी तार सगळ्या बटणायची एकच ठेवजो. बटण दाबलं की त्याची तार काळीले भिडते, अन् अडॅप्टर समजते की दाबलं. त्याले एवढीच अक्कल हाये.

मानोऱ्याच्या हरीओमनं शब्द देला हाये की दसऱ्यापर्यंत रिमोट त्याच्या गेमच्या दुकानात नीट चालला, तर तुले तिथं रिमोट बनवाले अन् दुरुस्त कराले ठेवते. नाहीतर फुलसिंग मुकादम तुले अन् याडीले जोडीनं ऊसतोडीले नेणारच. मागच्या सालची याडीची कंबर मले अजून दिसते. म्हणून हे जमलंच पाहिजे.

माया कमी करू नको. चिवडा थोडा कमी पाठवला तरी चालन.
तुहा भिया, बादल

तांडा, ता. मानोरा
५ सप्टेंबर

ती. बादलभिया यास रेणूचा सा. न. वि. वि.

चिवडा पाठवला. त्यात शेंगदाणे कमी वाटले तर अमरसिंगकाकाले विचारजो, त्यायले रस्त्यानं लय भूक लागते.

अडॅप्टर मोबाईलले लावून पाह्यला. सगळे बटण एक नंबर चालले. शेजारची साधना तर उठाले तयार नव्हती, शेवटी तिची सासू तिले बोलवाले आली. मी खुशीत दुसऱ्या दिवशी रिमोट हरीओमकडे नेला. त्याच्या कम्प्युटरले लावला अन् काय सांगू बाप्पा, मी बटणाले हात नाही लावला तरी पडद्यावरचा पैलवान उड्या मारून राह्यला! थांबतच नव्हता. दुकानातले सारे पोट्टे खदखदा हासले. हरीओम म्हणे, पैलवानाले मुंग्या चावून राह्यल्या काय.

घरी आणला, खोळ काढली, मोबाईलले लावला, तर पुन्हा गरीब गाईवानी चूप. आता तूच सांग, दोष कोणाचा?

खोळीचं तुले सांगाचं राह्यलं. रिमोट नेतानी याडीनं मले दारातच अडवलं. म्हणे, पोरीची मेहनत अशी नागडी बाजारात नेतात काय. तिनं लाल कापडावर काचा लावून, रंगीत धाग्याचं काम करून खोळ शिवली. पोट्टे तर अगोदर खोळच पाहात होते.

आशीर्वाद हाये तसा राहू द्या, अन् उत्तर लवकर धाडा.
तुमची रेणू

हैदराबाद
१२ सप्टेंबर

चि. रेणूस आशीर्वाद, याडीले दंडवत.

तुही चिठ्ठी वाचली अन् म्या तसाच उठून अडॅप्टरवाल्या दुकानदाराकडे गेलो. त्याले म्हटलं, मामू, तुम्ही मले भुताटकीचा माल देला. तो म्हणे, माल ठीक हाये, तुझी बहीण ठीक नाही. मंग मी काय चूप बसतो? चार माणसं जमा झाली तवा त्यानं दुसऱ्या बनावटीचा अडॅप्टर बदलून देला. तोच पाठवून राह्यलो.

माह्या मतानं भानगड अशी हाये. तुह्या मोबाईलवर चालते म्हणजे रिमोट चांगला. हरीओमच्या कम्प्युटरवर बिघडते म्हणजे अडॅप्टरचं अन् कम्प्युटरचं पटत नाही. सस्त्या अडॅप्टरचा एक नखरा असते. करंट भेटल्या भेटल्या तो बटणायची हजेरी घेते, अन् तवा काही हाललं तर तेच धरून बसते. म्हणून अगोदर रिमोट अडॅप्टरले जोडजो, मंग अडॅप्टर कम्प्युटरले, अन् तवा बटणावर बोट ठेवजो नको. तरी नाही जमलं तर रिमोटच मले पाठव. हरीओमकडे जसा नेते तसाच्या तसा, काही कमी-जास्त न करता.

खोळ साजरीच असन, याडीच्या हातची हाये.

रागावली तरी चालन, फक्त विसरू नको.
बादल

तांडा
२२ सप्टेंबर

ती. बादलभियास सा. न. वि. वि.

तू सांगतलं तसंच केलं. अगोदर रिमोट, मंग कम्प्युटर, दोन्ही हात पाठीमागं. या खेपी पैलवान उभा राह्यला, म्हणून मी हासली. तेवढ्यात हरीओमनं मोटारीचा गेम लावला, तर मोटार आपोआप डावीकडे वळून नालीत. सरळ केली की पुन्हा नालीत. हरीओम वाईट माणूस नाही, पण तोही म्हणे, रेणू, गिऱ्हाईक पैसे देऊन नालीत पडाले येत नाही. दसऱ्यापर्यंत पाहतो, पुढं नाही.

घरी मोबाईलवर मात्र मोटार एकदम सरळ.

काल फुलसिंग मुकादम येऊन गेला. दोनदा चहा पेला अन् विचारून गेला की जोडी पक्की धरू काय. याडीनं हो नाही म्हटलं, नाहीही नाही म्हटलं. तो गेल्यावर तिनं कोयत्याची मूठ पाह्यली. मी पाह्यलं नाही असं दाखवलं.

भिया, राग नको मानू, पण तू अडॅप्टर बदलतं तसंच कामं बदलतं. खराबी दुसरीकडेच असली तर?

रिमोट पाठवून राह्यली, दुकानात नेते तसाच, खोळीसकट. खोळ जपून काढजो. तिच्या झालरीले याडीनं आपल्या लग्नाच्या फेटिया-घागऱ्याचे भोकाचे तांब्याचे पैसे उसवून लावले हायेत. मी नको म्हटलं होतं. बाजारात कोणी ओढून नेऊ नये म्हणून झालर फळीखाली आत दुमडून ठेवते.

तुमच्या भरोशावर असलेली,
रेणू

हैदराबाद
२९ सप्टेंबर

चि. रेणूस अ. उ. आ.

पुडकं भेटलं. माह्या कामाच्या दुकानातल्या कम्प्युटरले रिमोट जोडला अन् कोणी हात न लावता पैलवान उडाले लागला. माह्या मालकानं स्क्रू टाकून देला अन् पाहात बसला. म्या खोळ काढली, पैलवान चूप. खोळ चढवली, पुन्हा उड्या. मंग झालर उलटी करून पाह्यली.

रेणू, याडीचे पैसे! आत दुमडलेले ते पैसे नेमके फळीखालच्या तारांच्या उघड्या जोडायवर बसते. एक पैसा वर जायच्या बटणाच्या तारेले अन् काळ्या तारेले मिळूनच बसला होता. म्हणजे बटण दाबल्यासारखंच. झालर जशी दुमडली जाईन तसं कधी वर, कधी डावं. घरी तू खोळ काढून खेळते, म्हणून घरी चालते. दोन्ही अडॅप्टर बिचारे खरं बोलून राह्यले होते, अन् मी त्या मामूसंग गल्लीत भांडून आलो. आज त्याले चहा पाजून आलो. तो म्हणे, बहीण ठीक हाये, तूच ठीक नाही.

रिमोट वापस पाठवतो. आता खोळ घरीच ठेव. याडीले सांग, बाजारात मळून जाईन म्हणून. पैशायचं तिले कळू देऊ नको, तिनं लग्नातले उसवले हायेत. ही चिठ्ठी तिले वाचून दाखवजो नको.

आपुलकी राहू दे.
बादल

तांडा
९ ऑक्टोबर

ती. बादलभियास रेणूचा सा. न. वि. वि.

बह्याडा, वाचून दाखवू नको हे चिठ्ठीच्या शेवटी लिवतात काय? मी दर खेपी चिठ्ठी याडीले मोठ्यानं वाचून दाखवते, तुले माहीत हाये. त्या वाक्यावर आली तवा सारं वाचून झालं होतं.

याडीनं खोळ हाती घेतली, झालर उलटी करून पाह्यली. मले वाटलं आता रडते. मंग म्हणे, फेटियातून एकदा उसवले, आता हे पैसे पुन्हा निघणार नाही. बादलच्या अडॅप्टरले म्हणा, तूच जमवून घे. एवढं बोलून तिनं मले विचारलं की करंट कशातून जात नाही. मी म्हटलं रबर. तिनं सायकलची जुनी ट्यूब कापली अन् खोळीले आतून अस्तर लावलं, इतक्या बारीक टाक्यानं की दिसत नाही.

रविवारी हरीओमच्या दुकानात पोट्ट्यायनं दिवसभर रिमोट झोडपला. पैलवान सांगतल्याशिवाय हालला नाही, मोटार नालीत गेली नाही. मी दसऱ्यानंतर कामावर चालली! दुसऱ्या दिवशी फुलसिंग आला, याडीनं त्याले चहा देला अन् म्हणे, आता दुसरी जोडी पाह्य. तो म्हणे, रुपाबाई, तुमच्याइतकी जलद मोळी कोणी बांधत नाही. ती म्हणे, आता खोळी बांधते.

खरंच हाये ते. हरीओमले पुढचे सारे रिमोट असेच पाहिजेत, काचा-पैशासकट. पोट्टे साध्या रिमोटले हातच लावत नाही म्हणते. पण लग्नाचे पैसे पहिल्यालेच, असं याडी म्हणते. बाकीच्यायसाठी भोकाचे पैसे तुह्या जुन्या सामानाच्या गल्लीत पाह्य, अन् दिवाळीले तू स्वतः घेऊन ये, काकाच्या हाती नको. घेतानी प्रत्येकाले करंट तपासाचं मीटर लाव असं तिनं सांगतलं हाये. पी वाजला म्हणजे अस्सल धातूचा, तरच घेजो, नाही वाजला तो पैसा तिच्या कामाचा नाही.

अन् भिया, तुह्या-आमच्या मधात रबर नको. लोभ भिडलेलाच राहू दे.
तुमची रेणू