दुसरा गाल

४ जून

चित्र आलं एकदाचं! टिल्लीला शाळेत सोडलं, तसाच छपाईवाल्याकडे गेलो, घेऊन आलो, सोफ्याच्या वर टांगलंसुद्धा. तीन-चारशे वर्षांपूर्वीची कुणीतरी बाई. मूळ चित्र कुठल्याशा संग्रहालयात, ही त्याची कॅनव्हासवरची छपाई. पाठीमागे काळोख, एका बाजूने उजेड, गळ्याभोवती पांढरी झालरीची कॉलर — आणि चेहरा थेट हिचा. आमच्या हिचा! कॅटलॉगात पहिल्यांदा दिसला तेव्हा छपाईवाल्यासमोर तिथल्या तिथे पैसे मोजले होते.

ही जाऊन वर्ष होत आलं. घरात तिचा एक धड फोटो नाही. लग्नाचा अल्बम एका पावसाळ्यात भिजून चिकटून गेला. कॅमेरा कायम तिच्याच हातात, आणि दुसऱ्या कुणी धरला की हिचा पंजा पुढे. ओळखपत्रावरचा फोटो तर इतका पुसट की तो आपला आहे हे तिचं तिलाही पटत नसे. परवा टिल्ली म्हणाली, "बाबा, मला आई आवाजाने आठवते. तोंडाने नाही." पोरीच्या डोळ्यांसमोर काहीतरी हवं की नको? म्हणून हा खटाटोप.

५ जून

टिल्ली चित्रासमोर मान तिरकी करून उभी राहिली. "ही आई नाही."

"आईसारखी आहे."

"सारखी म्हणजे नाही."

सहाव्या वर्षी ही वकिली!

९ जून

मेहुणी येऊन गेली. बराच वेळ बघत राहिली. "नाक ताईचं आहे खरं. पण भाऊजी, मला ही बाई आवडली नाही. ती आपल्याकडे बघत नाहीये. वाट बघतेय."

कसली वाट? मला मिरच्या झोंबल्या. नंतर दोघंही हवापाण्याचं बोलत बसलो.

१५ जून

थोडे फरक होतेच, नाही कशाला म्हणू? छपाईवाल्याला म्हटलं, दुरुस्त करून दे. तो कुरकुरला — "मूळ चित्राला हात लावत नाही मी, साहेब." शेवटी बसला कॉम्प्युटरसमोर. मी शेजारी. भुवई जरा खाली घे. ओठ जरा भरलेले. मी दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवतो, चेहऱ्यातलं मला कळतं!

नवी छपाई टांगली. आता सोळा आणे ती.

शाळेला निघताना टिल्लीने दारातून मागे वळून हात हलवला. मी तर तिच्या पुढे, जिन्यात उभा होतो.

२३ जून

जेवताना एकदम — "बाबा, आईचा दुसरा गाल कुठे आहे?"

चित्रात उजेड एकाच अंगाला आहे. दुसरं अंग कानापर्यंत काळोखात बुडालेलं. म्हटलं, आहे की! अंधारात आहे.

"त्याच्यावर काय होतं?"

सांगायला तोंड उघडलं आणि — काहीच नाही! तीळ होता? खळी पडायची? इतकी वर्षं संसार केला आणि मला सांगता येईना.

२४ जून

छपाईवाल्याकडे धावलो. काळोख उजळून दे म्हटलं. त्याने उजळला. काळ्याचं करडं झालं, करड्याचं मातकट झालं, गाल काही येईना.

"साहेब, चित्रकाराने इथे काही काढलेलंच नाही. जे नाही ते उजळून कुठून येणार?"

"मग तू काढ."

"काढतो. कसा होता सांगा."

घरी आलो. मेहुणीला विचारता येईल. पण कसं विचारायचं? नवऱ्याने बायकोचा गाल मेहुणीला विचारायचा? लाजेने मेल्यासारखं होतंय.

२८ जून

आज सुट्टी. मुद्दाम आठवत बसलो. ती खिडकीत केस वाळवतेय, भर उन्हात — अर्धं तोंड काळं. टिल्लीला कडेवर घेऊन जिना चढतेय — अर्धं तोंड काळं. माझ्यावर चिडलीय, हातात लाटणं — अर्धं तोंड काळं, आणि गळ्यात ती पांढरी कॉलर! असली कॉलर तिने जन्मात घातली नव्हती.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकतो. मला माझ्याच घरात दिवसाढवळ्या भीती वाटतेय.

२९ जून

चित्र उतरवायला स्टुलावर चढलो. टिल्लीने आकांत मांडला. "आईला काढू नकोस! बाबा, आईला काढू नकोस!" स्टूल धरून गदागदा हलवायला लागली. मी पडलो असतो.

ठेवलं तिथेच. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं.

८ जुलै

शाळेतून टिल्लीचं चित्र आलं — 'माझी आई'. तोंडाची एक बाजू काळ्या खडूने घोटून घोटून भरलेली, कागद फाटेपर्यंत. बाईंनी वर चांदणी चिकटवलीय.

११ जुलै

आज गाल आठवायचा प्रयत्न केला नाही. शांत वाटलं.

१७ जुलै

मेहुणीने फोनवर एक जुना फोटो पाठवला. खाली नुसतं लिहिलंय — 'भाऊजी, बघा काय सापडलं!!' कुठलीशी गच्ची, भर दुपार. दोघीजणी गळ्यात हात टाकून हसतायत. एक मेहुणी. दुसरी कुणी ओळखीची वाटेना. चांगली गोल, मोकळ्या चेहऱ्याची, तोंडभर ऊन. टिल्लीला दाखवला. "मावशीची मैत्रीण असेल," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

फोन करून मेहुणीला विचारलं, तुझ्या शेजारी कोण आहे गं? ती अगदी हळू म्हणाली — "भाऊजी, ताई आहे ती."