हिरव्या शाईची कार्डं

प्रिय ताई,

तू कुलगुरू झाल्याचा फोटो गोदीत सगळ्यांना दाखवला. फोरमन म्हणाला, "सख्खी बहीण? मग तुझ्या वेळी देव जेवायला गेला होता का रे?" अख्खी पाळी खो खो हसली. मीही हसलो आणि वेल्डिंगची काच तोंडासमोर धरली. तिच्याआडचं कुणाला दिसत नाही, तेवढं बरं.

तुझं भाषण मी फोनवर तीनदा ऐकलं. नऊ वर्षं तासिकेवर शिकवलंस, सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, डबा बसथांब्यावर उभ्यानेच, यातलं एक अक्षर बोलली नाहीस. बोललीस ती माझ्यावर. "धाकट्या भावाच्या हातून टिपणांचा खोका पडला, त्याने कार्डं वाचता येईनात म्हणून शाईच्या रंगाने लावली, निळी एकीकडे, काळी एकीकडे, हिरवी वेगळी, आणि त्यातूनच माझा प्रबंध उभा राहिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र दरवेळी तिथेच फोन बंद केला.

तो बुटांचा खोका आठवतो ना? जुन्या कादंबऱ्यांतली नोकरमाणसं, दार उघडून निघून जाणारी, त्यांच्यावर लिहीत होतीस तू. हिरव्या शाईने फक्त शंका लिहायचीस. हा झोपतो कुठे? याला नाव का नाही? खोका पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला मार्गदर्शक सरांना सगळं दाखवायचं होतं. एका जागी आलेल्या शंका तू वाचत बसलीस, आणि शेवटी म्हणालीस, "अरे, हेच तर प्रकरण आहे!" पुढे विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि आता ही खुर्ची. चढलीस तू, पण लोक आता पहिली पायरी माझी समजतात.

ताई, खोका पडला नव्हता. मी आपटला होता. आठवीत दोनदा नापास होऊन शाळा सोडलेला मी, आणि तू रोज कान धरून, "बस, एक पान वाच." खडे चावल्यासारखा वाचायचो. त्या दिवशी तुझ्या त्या कार्डांचाच राग आला. मग भीती वाटली, म्हणून रंग लावत बसलो. महिन्याभरात घर सोडलं ते त्यामुळेच. कामाचं निमित्त होतं.

आता तू विचारतेस, वसतिगृहाच्या देखभालीला माणूस हवाय, तर येतोस का. नाही येणार. तुझ्या शब्दावर तर नाहीच. शाळा सुटलेल्यांसाठी तुमच्या संध्याकाळच्या वर्गाची प्रवेश परीक्षा असते, तिचा फॉर्म मी भरलाय. गेल्या वर्षीही भरला होता, सात गुणांनी आपटलो. तुला पत्ता लागू दिला नाही. यंदा 'विद्यापीठात नातेवाईक आहे का' या रकान्यात तुझं नाव आणि हुद्दा ठळक लिहिलाय. आता नियमाने तू माझ्या पेपरच्या वाऱ्यालाही उभी राहू शकत नाहीस. हे पत्र त्यासाठीच, की मध्ये पडू नकोस. पुन्हा आपटलो तर पुन्हा बसेन. कादंबरी वाचायला घेतलीय, रोज दोन पानं. हिरवं पेन आणलंय. निम्मं संपलं.

खोका आपटणारा, तुझाच
धाकटा