निषादच्या एंट्रीची जागा

५ नोव्हेंबर २००६, कासार आंबोली
पहिला अल्बम. मराठी हिप-हॉप. बीट माझे, रॅप निषादचं. ऑफिसात आम्ही शेजारी बसतो. बाहेरचा आवाज नको म्हणून माझ्या खोलीवर गोधडीखाली बसून त्यानं आज सगळी गाणी रेकॉर्ड केली. लातूरच्या घरावर, आईवर लिहिलंय पठ्ठ्यानं. ऐकताना गहिवरलो. एकही शब्द कापायचा नाही. ठरलं.

१२ नोव्हेंबर
नेटवर 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे विलायती नाचाच्या संगीताचे प्रकार ऐकले. ड्रम नुसते सुसाट सुटतात, खाली बेस घुमतो. आपलं हिप-हॉप एकदम पेन्शनर वाटायला लागलं. एकाच गाण्याचा वेग वाढवून बघतो. फक्त प्रयोग.

१९ नोव्हेंबर
पाच गाण्यांचा प्रयोग झाला. या वेगात निषादचे शब्द बसत नाहीत. थोडे कमी केले. गाभा तोच आहे. उद्या डब्याच्या वेळी त्याला सांगणार म्हणजे सांगणार.

२० नोव्हेंबर
सांगितलं नाही. त्यानं डब्यातली भेंडी दिली. कुणाची भेंडी खाताना असं बोलता येत नाही.

२ डिसेंबर
घरमालक कुशाबा दारात. म्हणाले, "पत्र्यावर गारा पडल्यावानी काय वाजवताय? त्या पोराचं बोलणं लई ग्वाड हुतं. त्याचं काय केलं?"
म्हणालो, आतच आहे. आहेच. 'आई'तला 'आ' मी ड्रमच्या मधे बसवलाय. कान हवा.
लवळ्याच्या एका कॉलेजात १६ला कार्यक्रम मिळाला. निषाद हवेत तरंगतोय.

१५ डिसेंबर
निषादची आई, उषाकाकू, लातूरहून रात्रीच्या एसटीनं निघाल्या. आता सांगून त्याचा मूड कशाला घालवा? आत सारखं टोचतंय, पण ती निर्मितीची अस्वस्थता असावी. शिवाय कलाकाराला सरप्राइज आवडतं. स्टेजवर सुचेल त्याला.

१६ डिसेंबर
सुचलं नाही.
नव्या वेगाची सीडी मी लावली. पोरं बेभान नाचली. निषाद माईक तोंडाशी धरून उभा, हायवे ओलांडायला थांबलेल्या माणसासारखा. दोनदा पुढे आला, मागे गेला. माझ्याकडे बघत होता. मी वायरी तपासत होतो. काकू पहिल्या रांगेत, पदर सावरून.
खाली उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू सांगितलं असतंस, तर मी आईला बोलावलं नसतं."

१७ डिसेंबर
लाज वाटते. माफी मागायला सकाळीच त्याच्या खोलीवर गेलो. तो आंघोळीला गेलेला. काकूंनी डिंकाचे लाडू पुढे केले. लेकाची गाणी केली म्हणून खास माझ्यासाठी आणलेले. मग हळूच विचारलं, "बाळा, त्याचं कधी सुरू होणार होतं रे?"
म्हणालो, पुढच्याच गाण्यात होतं, कॉलेजवाल्यांनी वेळ दिला नाही.
निषाद डोकं पुसत दारात उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो आई, वेळच कमी पडला."
काकू म्हणाल्या, पुढच्या वेळी परत येईन. मला आणखी एक लाडू दिला. तो तसाच हातात धरून घरी आलो.